माझ्या नावाचा कडू घास

दाराची बेल वाजली तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. आई भाजी आणायला गेली होती, बाबा सकाळच्या फिरण्यावरून यायचे होते, म्हणून तशीच फेसाळल्या तोंडाने मी दार उघडलं. जिन्यावर गावाकडची पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने उभी होती. बायकांचे पदर कपाळापर्यंत ओढलेले, पुरुषांच्या माना खाली. सगळ्यांच्या पुढे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, डोळे घट्ट मिटून हेल काढून रडत होती. थोडं ऐकल्यावर लक्षात आलं की ती माझ्याच नावाने रडते आहे.

आमच्या पारनेर तालुक्यात जुन्या बायका मयताला नुसत्या रडत नाहीत. गेलेल्याचे गुण गात रडतात, आणि आत्या त्यात पटाईत आहे. आसपासच्या गावांतून तिला खास बोलावणं येतं. त्या दिवशी मी तिची ढगावर चालणारी बाई होते, बापाचं नाव आभाळात नेणारी लेक होते, भावांच्या रांगेतली एकटी वाघीण होते. मी तोंडातला फेस गिळून ऐकत राहिले. आजवर आत्याने मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, केस वाढव आणि लग्न कर. मी को-पायलट झाले तेव्हा ‘म्हंजे ड्रायव्हरच की’ म्हणून तिने तो विषय मिटवला होता. त्यामुळे खरं सांगते, मी तिला लगेच थांबवलं नाही. अजून काय काय म्हणते ते मला ऐकायचं होतं.

मागून कुणीतरी तिला कोपर मारलं. तिने एक डोळा उघडला, मला बघितलं, पुन्हा मिटला. सूर इतका वर गेला होता की तो मध्येच सोडणं तिच्या शिस्तीत बसेना. तिने ओळ पूर्ण केली, नाक पुसलं आणि माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला.

“जिती हायस, तर फोन का उचलत न्हाईस?”

घडलं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी बातमी आली होती. इथून कितीतरी दूर, भलत्याच समुद्रावर, एक मोठं प्रवासी विमान वादळात सापडलं, वैमानिकांचा ताबा सुटला आणि ते कोसळलं. वैमानिकांपैकी एक बाई होती असं टीव्हीवर सांगत होते. बाई आणि विमान हे दोन शब्द गावाच्या ग्रुपवर एकत्र आले की तिसरा शब्द आपोआप मी. धाकट्या काकांनी मला फोन लावला, तो बंद. बाबांना लावला, तोही बंद, कारण चार्जिंगला लावताना फोन बंद ठेवला की बॅटरी टिकते अशी बाबांची ठाम समजूत आहे. आईचा फोन कपाटात असतो. तीन फोन बंद म्हणजे घर दुःखात बुडालं, एवढा अर्थ काकांना पुरला.

दुसऱ्या कुणी शेजाऱ्यांना फोन केला असता. आमच्या गावाचा फोनवर विश्वास नाही, पिकअपवर आहे. कांदा मार्केटला नेणाऱ्या माझ्या चुलतभावाने पहाटे पिकअप रिकामी केली, ताडपत्री अंथरली आणि भावकी चढली. मी ज्या कंपनीत काम करते तिचं विमान त्या समुद्राच्या आसपासही जात नाही. मी पुण्याहून चेन्नईला किंवा कोलकात्याला जाते आणि परत येते, हे मी काकांना दर दिवाळीला सांगते. पण काकांच्या लेखी जगात विमान एकच आहे आणि ते मी चालवते.

त्यांच्याबरोबर एक मोठी टोपली होती, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. त्यात कडू घास होता. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत, मग भावकी आपल्या घरून भाकरी-पिठलं करून नेते आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावते. त्याला कडू घास म्हणतात. माझ्या चुलतवहिनीने, म्हणजे त्या पिकअपवाल्या भावाच्या बायकोने, मध्यरात्रीच उठून चाळीस भाकरी थापल्या होत्या. ती टोपली डोक्यावर घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी जिवंत असल्याचा तिला आनंद झाला होता हे दिसत होतं, पण मेहनत वाया गेल्याचं थोडं वाईटही वाटत असावं.

तेवढ्यात आई पिशवी घेऊन जिना चढून आली. चपलांचा ढीग बघितला, ओढलेले पदर बघितले. कोण गेलं, असं तिने विचारलं. काकांनी बोट माझ्याकडे केलं. त्यानंतर आई काकांना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागोमाग बाबा आले, त्यांनाही पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, आणि फोन बंद ठेवण्यावरून आत्याने आपल्या पेन्शनर भावाला वीस माणसांसमोर लहान मुलासारखं झापलं.

मग प्रश्न आला टोपलीचा. कडू घास परत घरी न्यायचा नसतो. ज्या घरी आणला तिथेच संपला पाहिजे. पण ज्याच्या नावाने आणला तोच माणूस समोर टूथब्रश घेऊन उभा असला तर काय करायचं, ह्याला भावकीत दाखला नव्हता. सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्याने थोडा विचार केला आणि निकाल दिला की जिच्या नावाचा हाय तिनंच आधी खायचा, म्हंजे आलेली वेळ खाऊन टाकली असं होतं. आईला हे अजिबात पटलं नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा घेतला. पिठलं फर्मास झालं होतं. स्वतःच्या मरणाचं पिठलं खाऊन वर थोडं अजून मागणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

इथपर्यंत गंमत होती. पण माझा फोन बंद का होता, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात कोलकात्याहून परत येत होतो. संध्याकाळचे ढग, आम्ही मोठे मोठे टाळून चाललो होतो, आणि एक रडारवर नीट न दिसलेला निघाला. विमान मी चालवत होते. वेग दाखवणारा आकडा एकाएकी घसरायला लागला, ऑटोपायलट आपोआप सुटला, निरनिराळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या. बाहेर सगळं पांढरं, आत सगळं हलतंय. शेजारचे कॅप्टन शांतपणे म्हणाले, धरून ठेव. मी धरून ठेवलं. थोड्या वेळाने आकडा जागेवर आला आणि आम्ही बाहेर पडलो. उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, छान धरलंस. मागच्या प्रवाशांतल्या कित्येकांची झोपही मोडली नव्हती.

मला मात्र वेगळंच आठवत होतं. त्या वेळी माझे हात माझे राहिले नव्हते. शिकवलेलं आठवलं म्हणून मी स्थिर राहिले, की भीतीने लाकूड झाले म्हणून, हे मला काही केल्या सांगता येत नव्हतं. नशिबाने त्या वेळी दोन्हींचा परिणाम एकच होता, कारण तेव्हा न हलणंच बरोबर होतं. पण पुढच्या वेळी हात हलवावे लागले आणि हललेच नाहीत तर? माझ्या पाठीमागे पावणेदोनशे माणसं बसलेली असतात. मी रजा टाकून सावेडीत आई-बाबांच्या घरी आले, दिवसभर झोपून राहिले, आणि नोकरी सोडायची हे मनात जवळजवळ ठरत आलं होतं. रजा संपायला आठवडा उरला होता. त्यात ही बातमी आली आणि आमच्या वैमानिकांच्या ग्रुपवर कारणांचा पूर आला. मी फोन बंद करून उशीखाली ठेवला.

आता तेच कारणांचं सत्र आमच्या हॉलमध्ये भरलं. एवढ्या लांबून आलेली माणसं नुसती जेवून कशी परत जाणार? मयताला आल्यावर माणूस कशाने गेलं ते रीतसर विचारायचं असतं. माणूस गेलेलं नव्हतं, मग विमान कशाने गेलं ते तरी ठरवायला हवं होतं. आई आत चहाच्या तिसऱ्या पातेल्याशी भांडत होती.

काकांचं मत वीज पडली. त्यांच्या मते वादळात दुसरं काही होतच नाही. दुसऱ्या एका चुलत्यांनी गारा म्हटल्या. दोन वर्षांपूर्वीच्या गारपिटीत त्यांच्या गोठ्याचे पत्रे चाळण झाले होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती. पिकअपवाला भाऊ म्हणाला की माल नीट बांधला नसणार. घाटात वळणावर कांद्याच्या गोण्या एका बाजूला सरकल्या की स्टेअरिंग हातात राहत नाही, हे त्याने सोसलेलं होतं. आत्याने अवस होती का ते बघायला सांगितलं. काकांनी मोबाईलमध्ये तिथी बघितली, अवस नव्हती. मग अवस जवळ आली असेल, असं आत्या म्हणाली. ती अजून बरीच लांब आहे हे कळल्यावर तिने कारण बदललं. चालवणाऱ्याचं घरी भांडण झालं असणार.

मी जेवून आतल्या खोलीत गेले होते आणि उशी कानावर दाबून पडले होते. ऐकायचं नाही म्हणून ठरवलं की सगळंच स्पष्ट ऐकू येतं. वीज पडून विमान पडत नाही, ती एका टोकाने शिरते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते, एवढं तरी सांगून यावं असं वाटायला लागलं. मग काकांनी सांगितलं की ढगात जास्त ओलावा असला की विमान जड होऊन खाली बसतं. ते माझ्याने ऐकवलं नाही. मी तरातरा बाहेर आले, काकांना गप्प बसायला सांगितलं आणि सतरंजीच्या मधोमध बसले.

विमान का तरंगतं इथपासून सुरुवात केली. चालत्या पिकअपच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिलाय का, विचारलं. सगळ्यांनीच काढला होता. तळवा आडवा धरला, पुढची कड जरा वर केली, की वारा हात उचलतो. पण फार वर केली की हात फटकन मागे फेकला जातो. विमानाचा पंख म्हणजे तोच तळवा. नाक फार वर गेलं की पंख वाऱ्यावर बसत नाही आणि इंजिन जोरात चालू असूनही विमान पडतं. भावाने बसल्या जागी हात आडवा धरून बघितला. मग सगळ्यांनीच धरले. हॉलमध्ये वीस पंख झाले आणि आई दारात येऊन बघत राहिली.

मग वेग कसा कळतो ते आलं. विमानाच्या नाकाजवळ बारीक नळ्या बाहेर काढलेल्या असतात. समोरून वारा आत शिरतो, त्याच्या दाबावरून वेग कळतो. मोठ्या वादळाच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक कण असतात, ते नळीत जाऊन बसले की आकडा खोटा यायला लागतो. हे ऐकल्याबरोबर काकांनी मांडीवर हात मारला. ठिबकचं तोंड चोक झालं म्हणा की सरळ, असं ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना ओलाव्याबद्दल माफ करून टाकलं. मग ॲसिड का सोडत नाहीत, असं त्यांनी विचारलं, कारण ठिबकच्या नळ्या ते तसेच साफ करतात. नळ्यांना हीटर असतो, पण बर्फ फार झाला की तो थोडा वेळ कमी पडतो, असं मी सांगितलं. बर्फापुढे हीटर कमी पडतो हे त्यांना पटलं, पण ॲसिडची सूचना कंपनीला कळव, असंही ते म्हणाले.

ह्या विमानाचं नेमकं असंच झालं का ते मला माहीत नव्हतं, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगितलं. वाऱ्याचा खाली जाणारा झोत असू शकतो, गारांनी इंजिनाचं नुकसान झालेलं असू शकतं, भावाचा सरकलेला मालसुद्धा असू शकतो. भाऊ ताठ बसला. एकच एक कारण बहुधा नसतंच, चार बारक्या गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. पण एक प्रकार पूर्वी घडलेला आहे आणि आम्हाला तो शिकवतात. आकडा खोटा होतो, ऑटोपायलट विमान माणसाच्या हातात देऊन मोकळा होतो, घंटा वाजतात, आणि घाबरलेला माणूस नाक वर ओढतो. घाबरलं की माणूस आपल्याकडे ओढतो. विमान पडत असतं आणि तो ओढतच राहतो.

मग करायचं काय असतं, असं बाबांनी विचारलं. ते सकाळपासून पहिल्यांदाच बोलले. मी सांगितलं की जवळजवळ काही नाही. नाक ठरलेलं इतकं वर ठेवायचं, इंजिन ठरलेलं इतकं, आणि नळी मोकळी होईपर्यंत धरून ठेवायचं. आम्हाला ते पाठ असतं. सगळ्यांना फार सोपं वाटलं. आत्या म्हणाली की एवढ्यासाठी एवढा पगार?

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती सगळ्यांसमोर सहसा बोलत नाही. तिने विचारलं, “ताई, तुमच्यावर आली हुती का कधी अशी येळ?”

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर आलं. आली होती म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. ढग, घंटा, कॅप्टन, सगळं. ऐकून भावकीची छाती फुगली. काकांनी मोबाईल काढला, ग्रुपवर टाकतो म्हणाले. सकाळी मेलेली पुतणी दुपारी विमान वाचवून मोकळी झाली, ह्यापेक्षा त्यांना काय हवं होतं? तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले की टाकू नका, मी काही वाचवलं नाही. मी धरून ठेवलं की माझे हात गोठले होते हे मलाच माहीत नाही, आणि मी आता परत जाणार नाही.

आईच्या हातात चहाची गाळणी होती, ती ठिबकत होती. मग आई म्हणाली की सोडून दे, एका शब्दाने कुणी काही म्हणणार नाही. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मला रडू आलं. ही बाई चार वर्षं रोज माझं विमान उतरेपर्यंत नीट जेवत नव्हती हे मला त्या क्षणी कळलं. काकांनी लगेच माझ्या भवितव्याचा बंदोबस्त केला. केडगावला त्यांच्या ओळखीच्या एकाचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, तिथे मला गणिताला ठेवून घेतील. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

आत्या मात्र चिडली. तिची चिडचिड सकाळपासून साठलेली होती. एवढं रडणं फुकट गेलं, कंबर पिकअपमध्ये मोडली, आणि आता ही पोरगी म्हणते मला माहीत नाही.

“गोठले का थांबले, ते हितं झोपून कसं कळंल?” ती म्हणाली. “परत धर. धरल्यावर कळंल.”

मी म्हणाले की कळेपर्यंत मागे बसलेल्या माणसांनी काय करायचं?

“त्यांच्यात मी बी बसते,” आत्या म्हणाली. “तू गोठलीस तर मागून वरडते.”

हे ऐकून मी रडता रडता हसले. पण तिचं म्हणणं मला दिवसभर सोडेना. पिकअप गेली, आईने भांडी घासून पालथी घातली, आणि मी उशीखालचा फोन काढून सुरू केला. आमच्या प्रशिक्षण विभागातल्या ज्येष्ठ कॅप्टनना फोन करून, घरी सांगितलं तेच शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं होतं ते गंभीर होतील. ते म्हणाले, बरं झालं बोललीस, पुढच्या आठवड्यात ये, आधी सिम्युलेटरमध्ये बसू.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं खोटं विमान. त्यात त्यांनी मला प्रत्येक प्रकारचं वादळ दाखवलं. नळ्या चोक केल्या, आकडे खोटे केले, विमान पाडूनही दाखवलं आणि उचलायला लावलं. माझे हात व्यवस्थित चालले. कॅप्टन खूश झाले, मी झाले नाही. सिम्युलेटरमध्ये पडलं तरी माणूस घरी जेवायला जातो, आणि हे हातांनाही माहीत असतं. तरी त्यांनी माझं नाव चेन्नईच्या फेरीला लावलं, शेजारी स्वतः बसणार म्हणाले. सकाळी जायचं, संध्याकाळी त्याच विमानाने परत.

आत्याला हे बाबांनीच कळवलं. तिने शब्द फिरवला नाही. बाबांनी तिचं आणि सोबत म्हणून वहिनीचं तिकीट काढलं. आत्या नवं नऊवारी नेसून बाबांबरोबर गाडीने पुणे विमानतळावर आली. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती की भाचीवर लक्ष ठेवायला चालले. ड्यूटीला थोडा वेळ होता म्हणून मी युनिफॉर्ममध्येच त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. काचेचं दार आपोआप उघडलं. आत्या थांबली. दार मिटलं, पुन्हा उघडलं. ती तिथेच उभी.

“मला लई भ्या वाटतंय गं,” ती म्हणाली.

तिने ते इतकं सरळ सांगितलं की मी बघतच राहिले. भावकीतल्या प्रत्येकाला दम देणारी बाई, लहान मुलीसारखी दाराकडे बघत होती. मी महिनाभर ज्याच्यावर पांघरूण घातलं, ते तिने पोर्टर, टॅक्सीवाले आणि पहारेकरी ह्यांच्या देखत एका वाक्यात सांगून टाकलं आणि पिशवी खाली ठेवली. मी तिला म्हणाले की नको येऊस, काही बिघडत नाही. ती म्हणाली की मी हितंच बसते, तू जाऊन ये. वहिनी एवढ्यात आपलं तिकीट घेऊन, मागे वळूनही न बघता, आत निघून गेलेली होती.

जाताना आकाश स्वच्छ होतं, त्यामुळे काहीच कळलं नाही. येताना सोलापूरच्या अलीकडे वळवाचे ढग वर आलेले दिसले. विमान मी चालवत होते. आम्ही वळसा घेतला, तरी कडेने जाताना धक्के बसायला लागले. कॅप्टननी माझ्याकडे बघितलं आणि ऑटोपायलट काढून हाताने घे म्हणाले. मी घेतलं. तळव्यांना असा घाम सुटला की पकड सरकायला लागली. मी कॅप्टनना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की मला भीती वाटते आहे. ते म्हणाले की ठीक आहे, मग जरा मी धरू का, हात पुसून घे. त्यांनी धरलं. मी दोन्ही तळवे पँटला पुसले आणि विमान परत मागून घेतलं. पुण्याला उतरेपर्यंत ते माझ्याकडेच होतं.

मागे खिडकीशी बसलेल्या वहिनीने ढगांचे एकशे काहीतरी फोटो काढले होते, आणि धक्के तिला पिकअपपेक्षा बरे वाटले. ते विमान कशाने पडलं त्याचा अहवाल अजून आलेला नाही. काका अधूनमधून विचारतात.

बाहेर आले तेव्हा आत्या त्याच बाकावर बसलेली होती. बाबा म्हणाले की सकाळपासून ती एकदाही उठली नाही, प्रत्येक उतरणाऱ्या विमानाला हेच का म्हणून विचारत होती. मला बघून ती उठली नाही, हसलीही नाही.

“गोठले का?” तिने विचारलं.

मी म्हणाले की नाही, घाम आला. मग, म्हणून तिने मान उचलली. मग पुसले आणि परत धरलं, मी म्हणाले. तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटेपालटे करून नीट बघितले.

“ओले हायत की अजून.”

मी सांगितलं की बहुतेक आता दर वेळी होतील.

“हुंद्यात. पुसत जा,” आत्या म्हणाली, आणि गाडी कुठं लावलीय ते विचारायला बाबांकडे वळली.